उल्हासच्या काठाकाठानं: ठाणे, अंजूर, लोणाड, दुर्गाडी आणि परत ठाणे

पहिल्या तीन वेळा आम्ही सायकली घेऊन भिवंडीकडच्या अंजूर गावाच्या पुढचा बांध पार न करताच परत फिरलो. तिन्ही वेळा कारण वेगळं होतं, एकदा काटे, एकदा भरती आणि एकदा चक्क भिंत. चौथ्यांदा, पौष वद्य सप्तमीच्या शनिवारी, लूप, म्हणजे सायकलवरची ही गोल फेरी, एकदाचा पूर्ण झाला, ६४ किलोमीटर, त्यातले साधारण २३ कच्चे. तिथीसकट तारीख सांगतेय त्याला कारण आहे, पुढे कळेलच.

हे डोक्यात कुठून आलं ते आधी सांगते. मी अकरा वर्षं ठाण्याहून कल्याणला लोकलनं जाते, नोकरीसाठी. दिव्यानंतर कोपरच्या आसपास डाव्या हाताला तिवरांच्या मागे पाणी दिसतं, सकाळच्या उन्हात चमकत असतं, तीच उल्हास. राजमाचीच्या डोंगरातून निघून कर्जत, बदलापूर, कल्याण करत येते आणि पुढे वसईच्या खाडीला जाते. पण गाडीतून दिसायचा तो पलीकडचा काठ, हिरवा, मध्येच एखादं देवळाचं शिखर, एखादी होडी, आणि मला रोज वाटायचं की तिथे कोण राहतं, तिथनं आपली ट्रेन कशी दिसत असेल. ठाणे-कल्याण ही लाईन १ मे १८५४ ला सुरू झाली, म्हणजे पावणेदोनशे वर्षं होत आली, लोक इकडनं तिकडे बघतायत आणि पलीकडे जाऊन आलेलं माझ्या ओळखीत कोणीच नाही.

माझा मावसभाऊ, त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, तो सायकलवाला माणूस. त्याच्यामुळे दोन वर्षांपूर्वी मी ग्रॅव्हल बाईक घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दिसायला रोड बाईकसारखीच, वळलेलं हँडल, पण टायर जाड, माझे ४० मिलिमीटरचे, आणि गिअर हलके, म्हणजे मुरूम, खडी, शेतातली वाट सगळ्यावर चालते आणि डांबरावर पण फार मागे पडत नाही. ठाणे जिल्ह्याला ही सायकल अगदी मापात बसते असं माझं मत आहे, कारण इथे दर दोन किलोमीटरला रस्त्याचा स्वभाव बदलतो.

दादाला म्हटलं मला तो पलीकडचा काठ बघायचाय. तो म्हणाला, "अगं मग नुसता काठ कशाला, गोल मारू, जाताना उत्तरेच्या काठानं आणि येताना कल्याण-डोंबिवलीकडून." मग दोन रात्री आम्ही सॅटेलाईट मॅपवर बसलो. एक शिकले यात, मॅपवर जी पांढरी बारीक रेघ दिसते ती कधी बैलगाडीची वाट असते, कधी बांध, कधी नुसता सुकलेला ओहोळ, आणि झूम करून काही कळत नाही. एकाच जागेचे जुने फोटो लावून बघितले की मात्र कळतं, पावसाळ्यानंतरच्या फोटोत जी रेघ टिकून आहे ती खरी वाट.

काटे

पहिला प्रयत्न डिसेंबरच्या सुरुवातीला. तेव्हा माझ्या टायरमध्ये साध्या ट्यूब होत्या आणि हवा पण ५५ पीएसआय भरलेली, रोडची सवय म्हणून. अंजूरच्या पुढे खाचरं लागतात, भात कापून झालेलं, आणि बांधाला बाभळी. शेतकरी गुरं आत येऊ नयेत म्हणून बाभळीच्या फांद्या तोडून वाटेत आडव्या टाकतात, त्या ट्रॅक्टरनं चिरडल्या जातात आणि काटे मातीत उभे रुततात. दीड किलोमीटरात तीन पंक्चर. शेवटच्या पॅचला सोल्युशन पण संपलं. तिथनं सायकल ढकलत माणकोली नाका आणि टेम्पोत घालून घरी.

त्याच आठवड्यात ट्यूबलेस करून घेतलं. ट्यूब काढून टाकतात, रिमला टेप लावतात आणि टायरमध्ये सीलंट ओततात, दुधासारखं पांढरं, माझ्या टायरला प्रत्येकी ६०-७० मिली. काटा घुसला की ते भोकातून बाहेर येतं आणि तिथेच गोठतं. आपल्याकडच्या उन्हात ते तीन-चार महिन्यांत आत सुकून जातं, म्हणून परत घालावं लागतं, हे कोणी सांगत नाही. आणि हवा कमी केली. माझं वजन ६२, तर पुढे ३२ आणि मागे ३५ पीएसआय. एवढ्यानं जमीनअस्मानाचा फरक पडला, खडीवर सायकल उडायची ती आता चिकटून चालते, मनगटं दुखत नाहीत. कोणाला एकच सल्ला द्यायचा झाला तर मी हाच देईन, हवा कमी करा.

भरती

दुसऱ्या वेळी आम्ही लूप उलटा केला, आधी डोंबिवली, कल्याण, लोणाड आणि शेवटी अंजूर, म्हणजे दुपारचे साडेबारा. अमावास्या होती, आम्हाला त्याचं काहीच नव्हतं. बांधावर अर्ध्यात गेलो तर समोर पाणी. बांधाला जिथे उघाडी आहे, म्हणजे खाडीचं पाणी अडवायची आणि पावसाचं सोडायची झडप, तिथली फळी मोडलेली आणि खारं पाणी आत घुसून वाट बुडालेली. गुडघाभर असेल, पण खाली चिखल किती ते कळेना.

एक आजोबा तिथेच वर बसून जाळं दुरुस्त करत होते. दादानं विचारलं, "काका, पाणी कधी उतरंल?" ते म्हणाले, "आज उधान हाय, आज नाय उतरायचं लवकर. भांगाच्या दिसात या." आणि मग त्यांनी हिशोब सांगितला. तिथीचा पाऊणपट करायचा, तेवढे वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर आठाचा पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता. पंचमी असेल तर पावणेचार. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला, आणि त्या वेळी पाणी सगळ्यात वर चढतं, ते उधाण. सप्तमी-अष्टमी-नवमीच्या आसपास भांग, तेव्हा भरती येते पण जोर नसतो, बांधाला लागत नाही. हा हिशोब समुद्राचा, नदीत वर एवढ्या आत पाणी पोचायला अजून तास-दीड तास लागतो, तो वरनं धरायचा. आणि दर दिवशी भरती साधारण पाऊण तास पुढे सरकते, तेच ते गणित.

मी घरी येऊन भरतीच्या तक्त्याशी ताडून बघितलं. बऱ्यापैकी जुळतं हो. मी मुंबईच्या एवढ्या जवळ खाडीकाठी वाढले आणि कालनिर्णयात तिथी बघून भरती सांगता येते हे मला चाळिशीत कळलं. त्या आजोबांनी पाच मिनिटांत जे दिलं त्याच्यावर हा सगळा लूप उभा आहे असं मी मानते.

भिंत

तिसऱ्या वेळी तिथी नीट बघून गेलो आणि ज्या बैलगाडीच्या वाटेनं बांधावरून पुढे निघायचं होतं तिथे गोदामाची नवी कोरी भिंत. दोन आठवड्यांपूर्वी नव्हती. भिवंडीच्या या बाजूला गोदामं किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, शेतं भरावानं उंच केली जातात, वर पत्र्याची शेड, आणि जुन्या वाटा त्याच्याखाली जातात. मला गोदामांविषयी तक्रार करायची नाही, गावातली कितीतरी मुलं तिथे कामाला आहेत. पण वाट गेली याचं वाईट वाटलंच, कारण ती वाट कुठल्याही मॅपवर नावानं नाही, ती होती हे सांगायला पण काही उरत नाही.

भिंतीच्या कडेनं फिरत होतो तेव्हा शेतात वालाच्या शेंगा तोडणाऱ्या एका आजींनी हाक मारली. "पोरी, तिकडं कुठं, यो रस्ता बंद केला. देवलाच्या मागनं जा, ओहोल लागंल, त्याच्या कडंनं." त्या दिवशी उशीर झाला होता म्हणून नुसतं ओहोळापर्यंत जाऊन बघून आलो. वाट होती! आजींनी ओंजळभर शेंगा पण दिल्या.

आता चौथी वेळ, पूर्ण

पावणेसहाला तलावपाळीवरून निघालो. थंडी बऱ्यापैकी, फुल हाताचं जॅकेट लागलं. निघताना मुद्दाम जेलवरून गेलो, म्हणजे ठाण्याच्या किल्ल्यावरून, कारण लूपची गोष्ट तिथनंच सुरू होते. हा किल्ला पोर्तुगीज बांधत होते आणि बांधकाम पुरं व्हायच्या आतच मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. पुढे इंग्रजांकडे गेला आणि त्याचा तुरुंग झाला. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना इथेच २ मे १८४८ ला फाशी दिली, आणि १९ एप्रिल १९१० ला, नाशिकच्या जॅक्सन वधासाठी, अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना. बाहेरच्या रस्त्यावरनं आपण रोज रिक्षेनं जातो. मी अर्धा मिनिट उभी राहिले आणि मग निघालो.

बाळकुमवरनं कशेळीचा पूल. इथे अंधारातच ट्रक सुरू असतात, वर मेट्रोचे खांब, बाजूला मुंबईला पाणी नेणाऱ्या प्रचंड पाइपलाइन. मागचा लाल दिवा, पुढचा दिवा आणि चमकणारं जॅकेट हे इथे हवंच, त्यावर वाद नको. काल्हेरनंतर मोठा रस्ता सोडून गोदामांच्या आतल्या रस्त्यांनी घुसलो, काँक्रीट, मग खडी, मग नुसता भराव, आणि सव्वासातला, अगदी सूर्य वर येताना, अंजूर.

अंजूरवर मी थोडं जास्त बोलणार आहे. आपल्या जिल्ह्यात किती लोकांना माहीत आहे मला शंका आहे, पण वसईच्या मोहिमेची सुरुवात या गावातल्या माणसांनी केली. गंगाजी नाईक अंजूरकर. साष्टीत आणि वसईत पोर्तुगीजांचा जाच, धर्माच्या नावानं छळ, त्याच्याविरुद्ध गंगाजी आणि त्यांच्या भावांनी वर्षानुवर्षं खटपट केली, पुण्याला पेशव्यांकडे खेपा घातल्या, इकडच्या किल्ल्यांची, वाटांची, खाड्यांची माहिती पुरवली. १७३७ ला ठाणं पडलं आणि दोन वर्षांनी मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईच्या किल्ल्यात आपण चिमाजी अप्पांचा पुतळा बघतो आणि ते योग्यच आहे, पण कुठल्या बाजूनं खाडीत उतरायचं, पाणी कधी उतरतं, कुठे चिखल कमरेएवढा आहे हे कोणीतरी त्यांना सांगितलंच असणार ना, आणि ते सांगायला इथलीच माणसं हवीत. बांधावरच्या आजोबांनी आम्हाला तिथीचा हिशोब सांगितला तेव्हा मला पटकन हेच आठवलं.

नाईकांचा वाडा आहे, गणपती आहे, सिद्धिविनायक. राहतं घर आहे ते, पर्यटनस्थळ नाही, त्यामुळे सायकली बाहेर लांब लावल्या, बूट काढले, नमस्कार केला आणि दहा मिनिटांत निघालो. फोटो काढले नाहीत. कोणी जाणार असेल तर असंच जावं ही विनंती.

मग बांध. सप्तमी म्हणजे साताचा पाऊणपट सव्वापाच, त्यात नदीतले तास-दीड तास धरा, पावणेसात. आम्ही साडेसातला पोचलो, पाणी भरून नुकतंच उतरायला लागलेलं आणि बांधापासून चांगलं दोन हात खाली. मोडक्या उघाडीपाशी नुसता ओला चिखल. एका बाजूला तिवरं आणि नदी, दुसऱ्या बाजूला खाचरं, त्यात वाल आणि कुठे पावटा. भातानंतर जमिनीत जी ओल उरते तेवढ्यावर वाल येतो, वेगळं पाणी लागत नाही. दव पडलेलं, वालाच्या फुलांचा वास, तिवरांत बगळे, चिखलात निवट्या मासे उड्या मारतायत. बांधाची माती घट्ट दाबलेली, वर बारीक वाळू, टायर अगदी सुळ्ळकन चालले. आणि पलीकडून लोकल गेली, तिचा आवाज आधी आला मग ती दिसली, खेळण्याएवढी. मी थांबले. दादा पुढे गेला होता तो परत आला, म्हणाला काय झालं. म्हटलं काही नाही, मी रोज त्या गाडीत असते.

मागच्या टायरमध्ये दोनदा काटा घुसला, फिस्स आवाज, पांढरा थेंब, चार फेरे फिरले की बंद. पहिल्या वेळी इथेच तासभर बसलो होतो.

देवळाच्या मागनं ओहोळाच्या कडेनं आजींनी सांगितलेली वाट, साधारण नऊशे मीटर, त्यात दीडशे मीटर सायकल खांद्यावर घेऊन. मग माणकोली, आणि तिथून रांजणोली ते सोनाळे हा नाशिक हायवेचा पट्टा. हा भाग मला अजिबात आवडत नाही. कंटेनर, धूळ, हॉर्न. शक्य तिथे सर्व्हिस रोड धरला, एकामागे एक चाललो, कानात काही नाही. बायकांसाठी सांगून ठेवते, स्वच्छतागृह हवं असेल तर या पट्ट्यातला पेट्रोल पंप हीच जागा, नंतर कल्याणपर्यंत धड काही मिळत नाही. पाण्याच्या बाटल्या पण इथेच भरल्या. मिसळ खाल्ली, बरी होती.

सोनाळ्यावरून आत वळलं की एकदम दुसरं जग, हायवेचा आवाज पाच मिनिटांत बंद. लोणाडच्या टेकडीपर्यंत मुरमाची वाट, चढ छोटाच आहे पण सुट्टी खडी असल्यानं मागचं चाक फिरतं. बसूनच चढायचं, वजन मागे ठेवायचं, उभं राहिलं की पकड सुटते. मी शेवटचे पन्नास मीटर चालत गेले.

लेणं एकच आहे, बौद्ध विहार, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातलं मानतात, आत आता खंडेश्वरी देवीचं ठाणं आहे. कल्याण तेव्हा मोठं बंदर, नाणेघाट उतरून माल इकडे यायचा, कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या लोकांनी दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत. तेव्हा कल्याणच्या इतक्या जवळ भिक्खूंची राहायची जागा असणं साहजिकच. मला तिथे सगळ्यात जास्त वेळ खिळवून ठेवलं ते कोरलेल्या पट्टानं, राजदरबाराचा देखावा, अभ्यासक तो वेस्संतर जातकातला, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या एका गोष्टीतला मानतात. वेस्संतर म्हणजे दान देण्यात मागेपुढे न बघणारा राजपुत्र. ज्याच्या पायगुणानं पाऊस पडतो असा पांढरा हत्ती त्यानं दुष्काळी प्रांतातल्या लोकांना देऊन टाकला, त्यावर प्रजा चिडली, त्याला वनवासात जावं लागलं आणि तिथे त्यानं मागणाऱ्याला स्वतःची मुलंसुद्धा दिली. आपल्या हरिश्चंद्राची आठवण येतेच. पण मुलं देऊन टाकली इथे मला दरवेळी थांबायला होतं, ते मला पटत नाही, मी आई आहे. तरी दगडात ते इतक्या मायेनं कोरलंय, झिजलंय, कुठे चेहरे उरलेले नाहीत, पण अंगाचा झोक, बसण्याची ढब सगळी शिल्लक आहे. दादा बाहेर सायकलींपाशी बसला होता, मी एकटीच पाऊण तास आत. देवीला कोणीतरी ताजी झेंडूची माळ घातली होती, म्हणजे आमच्या आधी सकाळी कोणी तरी चढून गेलं होतं.

खाली गावात शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर आहे, बरंच पडलेलं, पण कोरीव दगड अजून बघण्यासारखे. अंबरनाथचं देऊळ शके ९८२ चं, म्हणजे १०६० चं, तेच राजघराणं. लोणाडला अपरादित्याचा शके ११०६ चा शिलालेख मिळाला, आणि शेजारच्या चौधरपाड्याला केशिदेवाचा शके ११६१ चा, म्हणजे १२३९-४० चा, ब्रह्मपुरी नावाच्या गावाच्या दानाबद्दल. हा दुसरा गधेगळावर आहे. गधेगळ ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगते, उभा दगड, वर चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालेल, मध्ये मजकूर, आणि खाली गाढव आणि बाई, ही दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. लाज वाटेल अशीच आहे ती आणि मला ती शिवी बाईवरून आहे याचा रागही येतो, आठशे वर्षांपूर्वी पण तेच. पण दगडाचा हेतू मला कळतो. ही जमीन कोणाची, कोणी दिली, कोणी हात लावायचा नाही हे सगळ्यांना दिसेल असं उभं करून ठेवायचं. आणि मला ती सकाळची भिंत आठवली, आणि भिंतीखाली गेलेली वाट, जिच्यासाठी कोणी दगड उभा केला नव्हता.

चौधरपाड्याहून बापगावकडे वीटभट्ट्यांमधून कच्चा रस्ता. लाल धूळ इतकी की टायरचा ठसा पिठात उमटल्यासारखा. भट्ट्या दिवाळीनंतर लागतात आणि पावसाच्या आधी संपतात, तेवढे महिने कातकरी कुटुंबं तिथेच झोपड्या घालून राहतात. दोन मुलं आमच्याबरोबर पळत आली, घंटी वाजवायला मागितली, वाजवू दिली, मग एकेक चक्कर पण मारू दिली दादानं, सीट खाली करून. शनिवारी सकाळी साडेदहा वाजता ती मुलं शाळेत नव्हती हे मनातून जात नाही.

पुढचं भराभर. गांधारीचा पूल ओलांडला तेव्हा सव्वाअकरा, ऊन चढलेलं, जॅकेट कमरेला. वाडेघरच्या बाजूनं नदीकाठानं दुर्गाडी. किल्ला म्हणाल तर टेकाड, थोडे बुरूज आणि देवीचं देऊळ, पण १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर महाराजांनी आरमाराची सुरुवात केली ती या पाण्यावर. वर जाऊन नदीकडे तोंड करून बसलो, उसाचा रस प्यायलो. खाली रेती काढायच्या जुन्या होड्या उलट्या टाकलेल्या. ओहोटी लागलेली, चिखलाचे पट्टे दिसत होते आणि दादानं घड्याळ बघून म्हटलं, "तुझे आजोबा बरोबर बोलले."

दुर्गाडी ते डोंबिवली मोठागाव हा भाग अजून नीट जमलेला नाही. काही ठिकाणी नव्या रस्त्याचा भराव आहे, मुरूम पसरलेला, तिथे मजा येते, पण मध्येच तुटतं आणि गल्ल्यांत शिरावं लागतं. दोनदा चुकलो. मोठागावच्या पुलावर पाऊण वाजता पोचलो. हा पूल नवा आहे, डोंबिवलीहून थेट माणकोलीला. पुलाच्या मधोमध कठड्यापाशी उभं राहिलं की डावीकडे खाली अंजूरचा बांध, सकाळी जिथे थांबले होते ती तिवरं, आणि मागे रेल्वे. दोन्ही काठ एकाच वेळी दिसतात. आम्ही तिथे फार बोललो नाही. पाणी अर्धं अर्धं प्यायलो, दादाकडे चिक्की होती ती खाल्ली.

माणकोली, खारेगाव, कळवा पूल आणि दोन वाजून दहा मिनिटांनी ठाणे. मांड्या भरून आलेल्या, चेहऱ्यावर लाल धूळ, भूक प्रचंड. आईनं वालाचं बिरडं केलं होतं, आजींनी दिलेल्या शेंगा मी तिला मागच्या वेळी आणून दिल्या होत्या तेव्हापासून तिनं धोशाच लावला होता. दोन पानं जेवले.

जेवून झोपायचं नाही, आधी सायकल. खाडीचा चिखल खारा असतो, एक रात्र ठेवलात तर चेनवर गंज धरतो. साधं पाणी, पाइपचा जोर न लावता, नाहीतर बेअरिंगमध्ये शिरतं. मग जुन्या टूथब्रशनं चेन, कॅसेट म्हणजे मागच्या चाकाची गिअरची चक्रं, ब्रेकच्या आजूबाजूचा गाळ, फडक्यानं कोरडं आणि प्रत्येक कडीवर एक एक थेंब तेल. मागच्या टायरमधून सात काटे काढले, मोजले. सीलंट अजून आहे, हलवून बघितलं तर आत आवाज येतो.

संध्याकाळी दादाचा मॅप आला. त्यानं लूप गांधारीच्या पुढे वाढवलाय, काळू नदी जिथे उल्हासला मिळते तिथपर्यंत, अजून चौदा किलोमीटर, त्यातले निम्मे कच्चे, खाली लिहिलंय आजींना विचारायला लागेल. मी कालनिर्णय काढलं. पंधरा दिवसांनी रविवारी रथसप्तमी आहे. म्हणजे भांग, आणि भरती सव्वापाचला.